प्लॉझिबल: वहीतली नवी भर

'बिलीव्हेबल' आणि 'क्रेडिबल' माझ्या इंग्रजी शब्दांच्या वहीत केव्हाचेच आहेत. आता त्यांच्या पंगतीला 'प्लॉझिबल' आलाय, आणि सध्या माझा सगळ्यात लाडका शब्द हाच. उच्चारात स्पष्ट 'झ' हवा.

शब्दकोशातला अर्थ पाठ करण्यापेक्षा वाक्यं जुळवली की शब्द लवकर अंगवळणी पडतो. त्यासाठी मी मासळी बाजार धरला. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. जुलैच्या मध्यावर कोणी म्हणालं, 'ही इसवण (सुरमई) आज पहाटे ट्रॉलरवरून उतरली', तर ते इम्प्लॉझिबल, म्हणजे न पटणारं. 'हे शेवटे मासे काल रात्री खाडीत जाळ्यात सापडले' हे मात्र प्लॉझिबल. खरंच तिथलेच का, ते कोणी तपासलेलं नाही, पण ऐकताना कुठे खटकत नाही. हा शब्द एवढंच सांगतो: पटण्याजोगं आहे, सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी वहीत 'संभाव्य' लिहिलं नाही. तो 'प्रॉबेबल'चा शेजारी. 'प्लॉझिबल'समोर 'पटण्याजोगं' लिहिलंय.

'क्रेडिबल'मध्ये भरवशाचं वजन येतं. साक्षीदार, बातमीचा स्रोत, धमकी यांना तो लागतो. 'प्लॉझिबल' बहुतेक वेळा स्पष्टीकरणाला, सबबीला, तर्काला. माणसाला लावला तर जपून, कारण तिथे त्याला 'गोडबोल्या, वरवर पटेल असं बोलणारा' अशी छटा येते.

मूळ शोधताना तर फारच मजा आली. लॅटिनमध्ये 'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजवणं. त्यामुळे इंग्रजीत सुरुवातीला या शब्दाचा अर्थ 'टाळ्या मिळवण्याजोगा' असाही होता. 'अप्लॉज' त्याच घरातला. 'एक्सप्लोड'ही तिथलाच! टाळ्या पिटून, हुर्यो करून नटाला रंगमंचावरून हुसकावणं हा त्याचा जुना अर्थ. जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा वेगळा समजावून सांगायला नको. घरात कोणी जुन्या काळी पोर्तुगीज शिकलेलं असेल तर 'आप्लावझु' आणि 'प्लावझीव्हेल' त्यांच्या तोंडून जरूर ऐका, दोघांचं नातं कानालाच कळतं.

पुढची जोडी 'क्रेड्युलस' आणि 'इनक्रेड्युलस'. पहिला कशावरही चटकन विश्वास ठेवणाऱ्यासाठी, दुसरा विश्वास न बसणाऱ्यासाठी. गोष्टीला नाही, माणसाला किंवा त्याच्या नजरेला, आवाजाला लावायचे. यांच्यासाठी बाजारातलीच वाक्यं सुचली तर पाठवा, वहीत जागा ठेवली आहे.