फुकट इंटरनेटची किंमत

इंटरनेट समानतेचा, म्हणजेच नेट न्यूट्रॅलिटीचा (इंटरनेटवरील सर्व मजकुराला कंपन्यांनी सारखीच वागणूक द्यावी या तत्त्वाचा), विषय निघाला की मला सर्वप्रथम 'फ्री बेसिक्स' आठवते. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावाने ही योजना महाराष्ट्रासह काही राज्यांत आणली, आणि पुढे तिचे नाव बदलले. निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न भरता पाहता यावीत, एवढेच तिचे वरवर दिसणारे रूप होते. मात्र त्या यादीत यायचे तर फेसबुकने घालून दिलेल्या अटी मान्य कराव्या लागत. ज्याच्या हाती फाटकाची किल्ली असते, त्याने आत कोणाला सोडायचे हेही ठरवावे, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

तरीही योजनेच्या समर्थकांचा एक मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याला डेटा परवडतच नाही, त्याला चार संकेतस्थळे तरी मिळू द्या, असे ते म्हणत. डिसेंबर २०१५ मध्ये वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती झळकल्या, आणि फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना 'ट्राय'कडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, योजनेच्या बाजूने आयता मजकूर पाठवण्याचे आवाहन केले. (ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या मजकुरात नव्हती, ही त्यातली गंमत.) ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने इंटरनेटवर काय पाहिले जाते त्यानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, नियमभंगासाठी दिवसाला ५० हजार आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला, आणि त्याच आठवड्यात फेसबुकने भारतातून ही योजना मागे घेतली. परवडण्याच्या मुद्द्याला खरे उत्तर मिळाले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर कोसळले तेव्हा.

त्या उत्तराची किंमत मात्र आपण फारशी मोजलेली नाही. दरयुद्धात एकेक कंपनी बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, आणि आज बीएसएनएल वगळता जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया एवढ्याच मोठ्या मोबाइल कंपन्या उरल्या आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रायच्या शिफारशी स्वीकारल्या आणि मजकुरानुसार वेग घटवण्यास किंवा अडवणूक करण्यास परवान्याच्या अटींतूनच बंदी आली, हे चांगलेच झाले. पण गैरसोय झाल्यास ग्राहकाने जायचे कोठे, हा प्रश्न केवळ नियमांनी सुटत नाही.

आता मोबाइल कंपन्यांची संघटना वेगळीच मागणी करत आहे: व्हिडिओ आणि संदेशसेवा देणाऱ्या बड्या कंपन्यांनी जाळ्याच्या (नेटवर्कच्या) खर्चाचा वाटा उचलावा. ग्राहक त्याच डेटाच्या वाहतुकीसाठी दरमहा रिचार्ज करतो, त्यामुळे ही एकाच मालाची दुहेरी वसुली ठरेल, असे मला वाटते. दक्षिण कोरियात जाळेवापराचे शुल्क इतके जड झाले की 'ट्विच' या थेट व्हिडिओ प्रक्षेपणाच्या सेवेने तेच कारण देऊन २०२४ मध्ये त्या देशातील व्यवसाय गुंडाळला. आपल्याकडचा २०१६ चा नियम ग्राहकाला लागणाऱ्या दरांपुरताच आहे. कंपनीने कंपनीकडून घ्यायच्या अशा शुल्काबद्दल तो काहीच बोलत नाही.