तुम्ही विचारलंत म्हणून: तो पोरगा माईकवर काय म्हणाला?

"साऊंडवाले तुम्हीच ना? मग तो काय म्हणाला?" लग्नात विचारतात, अमळनेरच्या बाजारात विचारतात, वायर घ्यायला आलेला गिऱ्हाईकही विचारतो. प्रचारसभेत विळा घेऊन स्टेजवर चढला, त्या पोराबद्दल. तो माईकजवळ काहीतरी बोलला आणि मैदानात कोणालाच ऐकू गेलं नाही, कारण मास्टर, म्हणजे सगळ्या स्पीकरांचा आवाज वर-खाली करायची पट्टी, मी खाली ओढला होता.

स्पीकरमधून शिट्टी आली म्हणून ओढला. जबाबातही हेच आहे आणि ते खोटं नाही. नेत्याला मागे खेचताना माईक स्टँडसकट मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरवर पडला. अशा वेळी साऊंडवाल्याचा हात डोक्याला विचारत बसत नाही. पण शिट्टी थांबल्यावर मास्टर परत वर का नेला नाही? हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

13 जुलै 2024 ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्पवर गोळीबार झाला. तो व्हिडिओ मी किती वेळा ऐकला असेल. ट्रम्प खाली, अंगावर सुरक्षारक्षक, आणि माईक चालूच. रक्षकांची बोलणी, ट्रम्पचं बूट मागणं, सगळं जगाने ऐकलं. तिथे सभेला आलेला एक माणूस गेला, हल्लेखोरही मारला गेला. आमच्याकडे कोणाला ओरखडाही नाही. मला मात्र प्रश्न पडतो तो तिथल्या साऊंडवाल्याचा: त्याने हात आवरला, की त्याला सुचलंच नाही?

मास्टर खाली असला तरी हेडफोनमध्ये माईक येतो. मी ऐकलं. "भाऊ, तुम्ही आमच्या घरी जेवून गेले होते..." मग माईकवर कोणाचा तरी पाय पडला, कडकड झाली, संपलं.

शिवी नाही, घोषणा नाही. सांगितलं असतं तर एक पार्टी म्हणाली असती, नाटक आहे, ओळखीचाच पोरगा. दुसरीने हेच वाक्य रिक्षावर लावून गावभर फिरवलं असतं. रिक्षाचा भोंगाही माझाच, म्हणा. म्हणून गप्प बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. दोन सभांचं बिल बाकी होतं, तेही सांगून टाकतो. अजून आलेलं नाही.

मग एक दिवस त्याची आई दुकानात आली. हॉर्नच्या खोक्यावर बसली.

"काय बोलना व्हता तो, भाऊ?"

"मावशी, शिट्टी चालू होती. काही कळलं नाही."

मी चहा मागवला. तिने बशीत ओतला, फुंकला, आणि तसाच खाली ठेवला.

"कानले लायेल व्हतं ना ते?"

हेडफोन तेव्हाही माझ्या गळ्यातच होता.