शिनोळीच्या अलीकडची उधळपट्टी आणि पलीकडची

आमच्या पै-पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये बेळगाव, खानापूर, चंदगड आणि गडहिंग्लजची माणसं आहेत. पहिली दोन गावं कर्नाटकात, दुसरी दोन महाराष्ट्रात, आणि शिनोळी मधल्या सीमेवर. त्यामुळं सरकारी उधळपट्टीवरचं भांडण आमच्याकडं एकाच वेळी दोन राज्यांचं चालतं. खानापूरचे मामा भाजपचे. इथं कर्नाटकात काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये बायकांच्या खात्यात जमा झाले की ते लिहितात, "तिजोरी लुटली!" चंदगडच्या मावशीला लाडक्या बहिणीचे १,५०० आले की तेच मामा हात जोडलेले इमोजी टाकतात. आत्तेभाऊ काँग्रेसचा, त्याचं बरोबर उलटं. महाराष्ट्र दिवाळखोरीत जाणार म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात त्यानं ग्रुप डोक्यावर घेतला होता. त्याच वर्षी निवडणुकीत महाविकास आघाडीनं महिना ३,००० देऊ म्हटलं, तेव्हा त्याच्याकडून एक ओळ आली नाही.

मी बेळगावच्या टिळकवाडीत एका कर सल्लागाराकडं हिशेब लिहिते. मला या भांडणाचा मनापासून त्रास होतो, कारण विषय खरोखर मोठा आहे. कर्नाटकाचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे ४ लाख ९ हजार कोटींचं. त्यात काँग्रेसनं निवडणुकीत कबूल केलेल्या पाच योजनांना, म्हणजे गॅरंटींना, ५१ हजार कोटी, म्हणजे रुपयातले साडेबारा पैसे. एकट्या गृहलक्ष्मीचे २८,६०० कोटींच्या आसपास, सात पैसे. महाराष्ट्राचं त्याच वर्षीचं अंदाजपत्रक ७ लाख कोटींचं आणि लाडक्या बहिणीची तरतूद ३६ हजार कोटी, म्हणजे पाच पैसे. हे आकडे मी ग्रुपमध्ये टाकले. मामांनी विचारलं, "तू कुणाकडून बोलूलालीस गं?" आत्तेभावानंही तेच विचारलं, फक्त जरा गोड शब्दांत.

पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात एका महामार्गाच्या उद्घाटनाला रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठीच्या फुकट वाटपावर, टीका केली. तेव्हापासून मामांच्या तोंडी तो शब्द बसला आहे. मग दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाच्या महायुतीनं महाराष्ट्रात २,१०० चं वचन दिलं. इकडच्या गॅरंटी कशा फसल्या याच्या जाहिरातीही त्याच प्रचारात आल्या. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच मोबाईलवर दिसतं. पुण्यात किंवा बेंगळुरात बसलेल्याला एकच बाजू बघून चालतं, आम्हाला नाही चालत.

आणि हे फक्त दोन पक्षांपुरतं नाही. बेळगावबाहेर हलग्याजवळ हायवेला लागून सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं इथलं विधानभवन, उभं आहे. ११ ऑक्टोबर २०१२ ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. डिसेंबरात तिथं साधारण दहा दिवस अधिवेशन भरतं. २०१९ आणि २०२० मध्ये तेही भरलं नाही. आम्ही मराठी माणसं त्याला उधळपट्टी म्हणतो. बेळगाववरचा हक्क ठसवायला ते बांधलं, ही आमची जखम आहे आणि ती खरी आहे. पण १९५३ च्या नागपूर कराराला धरून महाराष्ट्राचं अख्खं सरकार दर हिवाळ्यात नागपूरला हलतं, तो खर्च आम्ही विदर्भाचा मान म्हणून मोजतो. सौधाला विरोध करायचा तर सीमाप्रश्नावरून उघड करावा, मी त्यात सोबत आहे. खर्चाचं कारण पुढं करायचं असेल तर मात्र नागपूरचं बिलही त्याच टेबलावर ठेवावं लागेल.

खरी उधळपट्टी कुठं शोधायची ते मला रोजच्या कामात दिसतं. गृहलक्ष्मीत बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल, जीएसटीचं रिटर्न भरत असेल तर लाभ नाही. नियम ऐकायला चोख वाटतो. पण ज्याच्याकडं जीएसटी नंबर आहे असा छोटा दुकानदार महिन्याला कसाबसा घर चालवतो, आणि त्याच्या बायकोचं नाव कटतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. म्हणून तीस एकर ऊस असलेल्याची बायको यादीत राहू शकते. महाराष्ट्रात अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट होती, तरी निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले आणि नंतर पडताळणीत लाखो नावं संशयात आली, त्यात पुरुषही निघाले. पैसे वाया जातात ते इथं. यावर मामा आणि आत्तेभाऊ दोघंही एक होऊन बोलू शकतात, पण ग्रुपवर याबद्दल चकार शब्द निघत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. भांडण योजनांवर होतं आणि कात्री भलतीकडं लागते. कर्नाटकात २०२३-२४ मध्ये भांडवली खर्च आदल्या वर्षापेक्षा सुमारे ५,२०० कोटींनी घटला, असं महालेखापरीक्षकांच्या अहवालात आहे. भांडवली खर्च म्हणजे रस्ते, पूल, कालवे, शाळेच्या खोल्या. योजनेचा हप्ता थकला की बायका बँकेत विचारतात, बातमी होते. न झालेला पूल कुणाच्या खात्यात दिसत नाही. बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेचंही तसंच आहे. बाईला शून्य तिकीट मिळतं, त्या तिकिटाचे पैसे सरकारनं बसच्या महामंडळाला द्यायचे असतात. ते वेळेवर आले नाहीत तर नवी गाडी कशातून घ्यायची? जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं, ते पुरुषांनी भरलं. मला शक्ती हवी आहे. जांबोटी भागातून शहरात धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा महिन्याचा बसखर्च वाचतो, त्या पैशाला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. म्हणूनच महामंडळाचं येणं चुकतं झालं का, हे मी विचारत राहते.

पुढच्या अंदाजपत्रकांच्या वेळी मी ग्रुपवर दोन्ही राज्यांचे तीनच आकडे शेजारी शेजारी टाकणार आहे: व्याजाला किती, थेट खात्यात किती, बांधकामाला किती. मामांना त्यातला महाराष्ट्राचा रकाना भरायला सांगितलंय आणि आत्तेभावाला कर्नाटकाचा. आत्तेभाऊ हो म्हणाला. मामांचं उत्तर अजून यायचं आहे.