अणुयुद्ध, स्क्रॅबल आणि आमचा कूलर

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी, धरमपेठेतल्या आमच्या घरात, रिचर्ड काँडी यांचा 'द बिग स्निट' हा सुमारे 10 मिनिटांचा ॲनिमेशनपट मी पुन्हा पाहिला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 1985 साली काढलेल्या या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. कथा अगदी लहान आहे: एक जोडपे स्क्रॅबल हा अक्षरे जुळवून शब्द करण्याचा खेळ खेळत बसले आहे, नवऱ्याच्या वाट्याला सगळी इंग्रजी 'ई' हीच अक्षरे आल्यामुळे त्याला चाल सुचत नाही, आणि बाहेर अणुयुद्ध सुरू झाल्याचे दोघांच्या गावीही नाही.

खरी गंमत भांडणात आहे. बायकोला स्वतःचे डोळे गदागदा हलवण्याची खोड आहे आणि नवऱ्याला घरातले लाकडी सामान करवतीने कापत बसण्याची. जग बुडत असताना ही दोघे याच खोडींवरून एकमेकांना बोल लावतात. दूरचित्रवाणीवर युद्धाची बातमी येते तेव्हा नवरा घोरत असतो. काँडी यांची रेषा मुद्दाम थरथरती, वेडीवाकडी आहे, त्यामुळे माणसे हास्यास्पद दिसतात, परंतु तुच्छ वाटत नाहीत. उपहास करणाऱ्यांना हे क्वचितच साधते. पुढे ॲकॉर्डियनच्या सुरांवर रुसवा निघतो, तो प्रसंग मला सर्वांत हळवा वाटतो.

आमच्याकडे त्या दुपारी कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे यावरून अबोला होता. लघुपट संपला तेव्हाही टाकी कोरडीच होती.