आजीच्या वह्या: सेव-उसळीने पाडलेला शोध

मागच्या नोंदीनंतर आजीच्या पाककृतींच्या तिन्ही वह्या टाइप करून झाल्या. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये एफटीएस५चं, म्हणजे मजकुरात शब्द शोधता येणारं, टेबल केलं, एका पानाचा फॉर्म लावला आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. पहिला शोध दांडिया बाजारातल्या आत्याचा: सेव-उसळ. बडोद्यात राहून दुसरं काय शोधणार! पान पडलं. लॉगमध्ये एरर होता, ‘उसळ’ नावाचा कॉलम नाही. आत्याचा फोन आलाच, “काय रे, तुझ्या कॉम्प्युटरला उसळ माहीत नाही होय?”

मी गाफील राहिलो त्याचं कारण सांगतो. फॉर्ममधला मजकूर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, थेट जोडलाच नव्हता. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून तो वेगळा, रीतसर बाइंड केला होता. पण त्याने बचाव होतो तो एसक्यूएलचा. शोध घेणाऱ्या मॅचला जी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, मिळते तिला स्वतःचं वेगळं व्याकरण आहे. तिथे उणे चिन्ह म्हणजे ‘पुढचा कॉलम वगळ’, कोलन म्हणजे ‘एवढ्याच कॉलमात बघ’. ‘गोडा मसाला (आजीचा’ असं लिहून कंस उघडा ठेवला तरी सिंटॅक्स एरर.

आधी वाटलं, नको ती चिन्हं उडवून टाकू. पण अशी यादी संपत नाही. आज उणे, उद्या ‘१/२ वाटी’तली तिरकी रेघ. शेवटी उलटं केलं: मोकळ्या जागेवर तुकडे पाडायचे, तुकड्यातलं दुहेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं, मग प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात घालून परत जोडायचा. ज्यात एकही अक्षर वा अंक नाही तो तुकडा सोडून द्यायचा. आता काहीही टाइप करा, ते शब्दच राहतं.

(इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोध-इंजिन वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडेही तेच. क्वेरी स्ट्रिंग या शोधप्रकाराला फॉर्म थेट जोडू नका. व्याकरण चुकलं की ती एरर देते. सिम्पल क्वेरी स्ट्रिंग चुकलेला भाग सोडून पुढे जाते, आणि साध्या शोधाला मॅच क्वेरी पुरते. < आणि > ही दोन चिन्हं तर क्वेरी स्ट्रिंगमध्ये एस्केपच होत नाहीत, म्हणजे साधी चिन्हं म्हणून देता येत नाहीत, काढावीच लागतात.)

सेव-उसळ सापडली. मग आत्याने ‘खीर’ टाकलं आणि खारे शंकरपाळे आले. खिरापतही आली. यात माझं दोन रात्रींचं जागरण गेलं. एफटीएस५चा युनिकोड६१ हा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, मुळात अक्षरं आणि अंक तेवढे धरतो. आपल्या काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. म्हणजे खीर काय, खारे काय, दोन्ही ‘ख’ आणि ‘र’! त्याने धरायच्या कॅटेगरीजच्या यादीत एमएन आणि एमसी (काना-मात्रांसारख्या चिन्हांचे युनिकोडमधले गट) वाढवून टेबल नव्याने बांधलं, तेव्हा शब्द अखंड राहिले.

पण त्या मोडतोडीत एक फुकटची सोय होती. ‘लोणचे’ आणि ‘लोणचं’ एकच ठरत होते, ते आता वेगळे झाले. म्हणून शेवटचा स्वर किंवा अनुस्वार मी स्वतः काढतो आणि अवतरण बंद झाल्यावर बाहेर तारा (*) लावतो, म्हणजे शब्दाची सुरुवात जुळली तरी पुरतं. आत लावला तर त्याचा उपयोग नाही, हे मला उशिरा कळलं.

टेबल बांधतच होतो म्हणून आणखी एक चूक सुधारली. आजीची समासातली टिपणं वेगळ्या कॉलमात होती, पानावर दाखवत नव्हतो. पण शोधात ती येत होती. एका वहिनींचं नाव टाकलं की बासुंदी यायची. वरवर पाहता काही कारण नाही; समासात त्यांचं नाव घालून आजीने लिहिलंय, ‘हिला साखर कळत नाही.’ तो कॉलम आता अनइंडेक्स्ड आहे, म्हणजे शोधात येत नाही. वहिनींना अजून पत्ता नाही.

‘कैऱ्या’ मात्र अडली आहे. काही ठिकाणी ऱ टाइप झालाय, काही ठिकाणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच. पुढच्या रविवारी वह्या आणि फॉर्म, दोन्हीकडे एकच रूप करून घेईन.