छत्तीस की चाळीस

‘सहज दिसून येते की’ हे शब्द लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून प्लेनर, म्हणजे सपाट कागदावर रेघ रेघेला न ओलांडता काढता येणाऱ्या आकृत्या मोजायला लावल्या पाहिजेत. माझे अडीच आठवडे या चार शब्दांनी खाल्ले.

रँडम मॅट्रिक्स (यादृच्छिक आकड्यांची चौकट) आणि आकृत्यांचा संबंध तसा लवकर कळला: अशा मॅट्रिक्सच्या घातांची सरासरी काढायची तर आकृत्या मोजायच्या. मॅट्रिक्सला दोन निर्देशांक, म्हणून प्रत्येक रेघ दुहेरी काढायची. या रेघांचा वेढा बंद झाला की त्याचा एक एन (मॅट्रिक्समधल्या ओळींची संख्या) गुणक म्हणून मिळतो. एन अवाढव्य केला की सर्वांत जास्त वेढ्यांच्या, म्हणजे रेघ रेघेला न ओलांडणाऱ्या आकृत्याच उरतात. ही युक्ती भौतिकशास्त्रज्ञ ट हॉफ्ट यांची, १९७४ची. १९७८मध्ये ब्रेझाँ, इत्झिक्सन, पारिसी आणि झुबेर यांनी चार पायांच्या, म्हणजे ज्यातून चार रेघा निघतात अशा बिंदूंसाठी अख्खी मोजणीच सूत्रात बसवली. एक बिंदू असेल तर पाय जुळवायच्या तीन रीती, त्यांतल्या दोन सपाट. पाच मिनिटांत झालं.

दोन बिंदूंवर गाडी रुतली. सूत्र म्हणतं दोन बिंदूंच्या पदाचा सहगुणक १८; बिंदूंची अदलाबदल धरून ३६ जोडण्या. माझ्या येत होत्या ४०.

बत्तीसबद्दल शंका नव्हती: प्रत्येक बिंदूचे शेजारचे दोन पाय आपसात जोडायचे (चार रीती इकडे, चार तिकडे) आणि उरलेले दोन पाय पलीकडच्या दोघांशी, दोन रीतींनी. गोची होती चारही रेघा एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातात तिथे. क्रम मोडायचा नाही एवढं कळत होतं. मग क्रम सुलटा चालेल तसा उलटाही चालेल, म्हणून चार अधिक चार, आठ. किती वेळा मोजलं तरी आठच. आधी सूत्रावर संशय घेतला, मग छपाईवर.

शेवटी वैतागून दोन्ही बिंदूंच्या पायांना घड्याळाच्या उलट दिशेने १, २, ३, ४ असे आकडे दिले, एकाला एक, दोनाला दोन असं जोडलं आणि रंगीत पेन्सिलीने वेढे गिरवले. लाल पेन्सिल निघाली ती चारही रेघा पालथ्या घालून परत आली. निळीचंही तेच. दोनच वेढे! ही आकृती कागदावरची नव्हेच, सायकलच्या ट्यूबच्या पृष्ठभागावरची. समोरासमोर उभ्या माणसांत एकाच्या उजव्या हातासमोर दुसऱ्याचा डावा येतो, तसं इथे एकीकडचे आकडे चढले तर दुसरीकडचे उतरायला हवेत. तसं जोडलं तर चार वेढे. म्हणजे चारच रीती. ३२ अधिक ४. त्या रात्री मी ती निळी पेन्सिल उशाशी घेऊन झोपले.

तेव्हा डोळ्यांनी ‘सपाट दिसतेय’ म्हणू नका, वेढे मोजा. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: कुणी मॅट्रिक्सच्या चौथ्या घाताचा सहगुणक जी घेतो, कुणी जी भागिले चार. ते न पाहता दोन ठिकाणचे आकडे ताडून बघण्यात माझा पहिला आठवडा गेला.

पडताळा सोपा आहे. आठ पायांच्या जोड्या एकूण १०५, त्यांतल्या ९ मध्ये बिंदू एकमेकांना जोडलेलेच नाहीत. उरल्या ९६: ३६ सपाट, ६० ट्यूबवरच्या.

तीन बिंदूंना सपाट जोडण्या १७२८ येतात. त्या मी मोजल्या नाहीत.