वानगी मुंबईला जाते

पूर्वी डाळ विकायला महिन्यातून दोनदा वाशीच्या दाणा बाजारात जायचो. लातूरहून रात्रीची मुंबई एक्स्प्रेस, कुर्डुवाडीला चहा, ठाण्याला उतरून लोकल. पिशवीत मोलाच्या वस्तू दोनच: तूरडाळीच्या वानगीच्या, म्हणजे नमुन्याच्या, पुड्या, आणि बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीसकट.

२०२० ची टाळेबंदी आली आणि हा सगळा प्रवास मोबाईलमध्ये शिरला. माल घेणारे वाशीचे शेठ, दलाल आणि मी, तिघं तीन चौकटींत. फुकटातलं झूम ४० मिनिटांनी बंद पडायचं. "क्विंटलमागं पन्नास कमी करा" असं शेठनी म्हणायला आणि गायब व्हायला एकच गाठ. खोटं कशाला बोलू, माझा फायदाच झाला. जागरण वाचलं, तिकिटाचे पैसे वाचले, कंबर वाचली. आई तेवढी दारातून विचारायची, "कुणासंगं बोलायलास रे एकटाच?"

बोलण्याची सुरुवातही बदलली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा गादीवर टेकतो न टेकतो तोच शेठ विचारायचे, "पाणी आलं का हो तुमच्याकडं?" आणि लगेच तांब्या मागवायचे. मी मुद्दाम दोनच घोट घ्यायचो. गटागटा प्यायलो तर गावाची लाज! आता पहिला प्रश्न, "आवाज येतोय का?"

खरी अडचण डाळीची. शेठ मूठभर डाळ तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं पसरायचे, तुटक्या दाण्यांची टुकडी बाजूला सारायचे आणि एक दाणा दाताखाली धरायचे. कट्ट वाजलं की माल कोरडा. तीच डाळ कॅमेऱ्यापुढं धरली तर ट्यूबच्या उजेडात फिकट, खिडकीपाशी केशरी. मागं पांढरा कागद धरला तरी तेच. कॅमेरा आपल्या मनानं रंग बदलतो. एकदा शेठनी विचारलंच, "भाऊ, ही तूर का हरभरा?"

मग तोडगा निघाला. वानगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवायची आणि ती पोचली की दुसऱ्या दिवशी मीटिंग. म्हणजे पाव किलो डाळ मुंबईला जाते आणि मी लातुरातच. पुडकं क्लीनरच्या हातात देतो आणि गाडी हलेपर्यंत उगाच उभा राहतो. घरी आलो की बायको म्हणते, "एवढा वेळ काय करायलाव तिथं?"

गेल्या खेपेला तिनं मला न सांगता पुडक्यात चार दशम्या आणि चटणी सरकवली. दुसऱ्या दिवशी मीटिंगला शेठचं तोंड हलत होतं, आवाज मात्र नाही. मी म्हटलं, "शेठ, म्यूटवर आहात." त्यांनी हातानं थांबा अशी खूण केली, घास सावकाश गिळला, मग आवाज सुरू केला.

"डाळ ठीक. चटणीत लसूण कमी पडलाय, वहिनींना सांगा."